पॉवर ऑफ अॅटर्नीवर विकायला काढलेला रिसेल फ्लॅट घेतला, वकील मॅडमच्या सर्व्हिसचा अनुभव (कोथरूड, पुणे) – साडेचार स्टार

हा रिव्ह्यू शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका वकील मॅडमच्या ऑफिसचा आहे. छोटंसंच ऑफिस, दोन ज्युनियर आणि एक सर्च क्लार्क. नाव टाकत नाही, कारण वकिलांना जाहिरात करता येत नाही आणि त्यांनी स्वतःच नको म्हटलं. पण काम काय केलं ते सगळं लिहिते, कारण मालक परदेशात आणि सही करणारा भलताच कोणीतरी अशा फ्लॅटच्या मागे सध्या पुण्यात खूप जण आहेत आणि त्यांनी आपल्या वकिलाकडून नेमकं काय करून घ्यायचं ते त्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

तर झालं असं, जानेवारी २०२५ मध्ये कोथरूडला एक टू बीएचके बघितला, १९९८ ची बिल्डिंग, चौथा मजला, पूर्वेला बाल्कनी, मला बघताक्षणी आवडला. मालक न्यू जर्सीत आणि इथे सगळं बघणारा त्याचा चुलतभाऊ. ब्रोकर म्हणाला "मॅडम पॉवर आहे यांच्याकडे, काही टेन्शन नाही, सगळं क्लिअर आहे". चुलतभाऊ पण बोलायला चांगला, चहा वगैरे पाजला, कागदांची फाइल दाखवली, त्यात कुलमुखत्यारपत्र होतं (यालाच पॉवर म्हणतात, मालकाच्या वतीने काम करायचा लेखी अधिकार), कोपऱ्यात लाल सील, शिक्का, सही, सगळं एकदम भारदस्त. आम्ही भुललो आणि ५१ हजार टोकन त्याच दिवशी चुलतभावाच्या खात्यावर टाकले. त्याच्या खात्यावर, मालकाच्या नाही. हे आधीच सांगते कारण पुढे मॅडमनी पहिला प्रश्न हाच विचारला.

त्यात ब्रोकरने अजून एक आयडिया दिली, की साठेखत (पुढे विकण्याचा करार), पूर्ण पैसे आणि मालकाकडून तुमच्याच नावाची पॉवर असं करून टाकू, खरेदीखत सावकाश करता येईल, आत्ता स्टॅम्प ड्युटीचे पाच साडेपाच लाख वाचतील. मिस्टरांना ते पटायला पण लागलं होतं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट सांगितली, ११ ऑक्टोबर २०११ ला सुप्रीम कोर्टाने सूरज लँप अँड इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य या केसमध्ये स्पष्ट सांगून ठेवलंय की साठेखत, पॉवर आणि मृत्युपत्र असा गठ्ठा केल्याने घर तुमचं होत नाही, रजिस्टर्ड खरेदीखतानेच होतं. पॉवर देणं चुकीचं नाहीये, भावाने बहिणीला किंवा बापाने मुलाला खरेदीखतावर सही करायला पॉवर देणं अगदी बरोबर आहे आणि त्याच निकालात तसं म्हटलंय पण, फक्त पॉवर म्हणजे मालकी नाही. ब्रोकरची आयडिया तिथेच संपली.

मग त्यांनी ती फाइल मागितली. दोन दिवसांनी बोलावलं आणि कुलमुखत्यारपत्राच्या झेरॉक्सवर हिरव्या पेनने खुणा करून समोर ठेवलं. मला वाटलं होतं सील बघून ओके म्हणतील, पण त्यांनी सीलकडे बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल, त्या आतलं एकेक वाक्य वाचत होत्या. "फ्लॅट भाड्याने देणे" आहे. "सोसायटीत प्रतिनिधित्व करणे" आहे. "गिऱ्हाईक पाहणे, बोलणी करणे" आहे. "खरेदीखतावर सही करणे" नाही. "दुय्यम निबंधकासमोर कबुली देणे" नाही. "मोबदला स्वीकारणे" तर नाहीच. म्हणजे चुलतभावाला फ्लॅट दाखवायचा आणि भाव करायचा अधिकार होता, विकायचा नव्हता, आणि आमचे ५१ हजार घ्यायचा तर मुळीच नव्हता! खाली मालमत्तेच्या वर्णनात विंगचं नावच नाही, नुसता फ्लॅट नंबर, आणि सोसायटीत तीन विंग, तिन्हींमध्ये तो नंबर आहे.

शिवाय ते पत्र २०१९ मध्ये अमेरिकेत सही होऊन आलेलं. परदेशात केलेली पॉवर भारतात आली की ३ महिन्यांच्या आत तिच्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, ती कोणी भरलीच नव्हती. इतकी वर्षं कपाटात पडून होती.

आता नवीन पॉवर करायची तर परत चुलतभावालाच द्या ना, असं ब्रोकर म्हणत होता. इथे मॅडमनी जी गोष्ट सांगितली ती मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती. महाराष्ट्रात घर विकण्याचा अधिकार देणारी पॉवर जर आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलं, नातवंडं अशा जवळच्या नात्यात मोबदला न घेता दिली तर ५०० रुपये स्टॅम्प. नाहीतर खरेदीखताला लागते तेवढी सगळी ड्युटी त्या पॉवरवरच मागू शकतात. चुलतभाऊ त्या यादीत बसवायचा प्रयत्न करून बघण्यात अर्थ नाही, असं त्यांचं मत. सख्खं कोणी आहे का पुण्यात, असं त्यांनी विचारलं.

आणि त्या एका प्रश्नातून खरं प्रकरण बाहेर आलं. चुलतभाऊ सहज म्हणाला, "ताई आहे ना, नाशिकला."

ताई? आम्हाला तर मालक एकुलता एक असल्यासारखं सांगितलं होतं. मॅडमच्या सर्च क्लार्कने ३० वर्षांचा सर्च काढला, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदी शोधल्या, त्यात फ्लॅटवर एकच व्यवहार, १९९८ मध्ये मालकाच्या वडिलांनी बिल्डरकडून घेतला तो. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) वडिलांच्याच नावाचा. आई २०११ मध्ये गेली, वडील २०१६ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. मुलगा नॉमिनी होता म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढवलं, आणि तेच सर्टिफिकेट सगळे मालकीचा कागद म्हणून दाखवत होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी दोघांना सारखा हिस्सा, म्हणजे अर्धा फ्लॅट नाशिकच्या ताईंचा. त्यांनी हक्कसोड केलेली नव्हती. कोणी त्यांना विचारलंही नव्हतं.

आमचा व्यवहार इथेच मोडला असता. मॅडमनी मात्र याच अडचणीतून वाट काढली. ताई सख्खी बहीण, तेव्हा भावाने पॉवर ताईंना द्यायची, ५०० रुपयांत होईल, आणि ताई खरेदीखतावर दोनदा सही करतील, एकदा स्वतःच्या हिश्श्यासाठी, एकदा भावाची मुखत्यार म्हणून. ताईंना मॅडमनी स्वतः फोन केला. त्या शाळेत शिक्षिका होत्या, आता रिटायर्ड. मी स्पीकरवर ऐकत होते, त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाबांच्या घराबद्दल मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारतंय." खरं सांगते, मला रडू आलं. बहीण-भावात भांडण नव्हतं, भावालाही वाटत होतं की शेअर सर्टिफिकेट म्हणजे झालं, त्याला कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

आता या ऑफिसची मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. चार पानी प्रश्नावली.

आपल्याकडे रिसेलमध्ये विकणाऱ्याने घराबद्दल काय काय सांगायचं याचा ठरलेला फॉर्म नाही, नवीन प्रोजेक्टला महारेरा असतं तसं इथे काही नसतं. पण कायदा आहे, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ५५, की घरात किंवा मालकी हक्कात असा काही मोठा दोष असेल जो विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, न सांगणं हे कपटच धरतात. मॅडम म्हणाल्या यात घेणाऱ्याने साधी काळजी घेतलेली हवी हे लोक विसरतात. जे डोळ्यांना दिसत होतं, जे विचारलं असतं तर कळलं असतं, त्याची तक्रार नंतर करता येत नाही. म्हणून विचारायचं, लेखी विचारायचं, आणि उत्तर मुखत्याराकडून नाही तर मालकाकडूनच घ्यायचं. मुखत्याराला सही करता येते हो, पण त्या घरात राहिलेला कोण? पावसाळ्यात कुठली भिंत ओली होते हे चुलतभावाला कुठून माहीत असणार?

आणि तसंच निघालं. चुलतभावाने आधी प्रश्नावली भरली होती ती पूर्ण "नाही, नाही, नाही, क्लिअर आहे" अशी. पार्किंग "कव्हर्ड आहे". मग फेब्रुवारीत एका रविवारी रात्री साडेआठला, तिकडे सकाळचे दहा, मॅडमनी भाऊ, ताई, आम्ही दोघं असे सगळे व्हिडिओ कॉलवर घेतले आणि प्रश्न एकेक करून वाचले. मालकाला पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितला, मगच सुरुवात.

प्रश्न असे होते: घरावर कुठलं कर्ज होतं का, मूळ अॅग्रीमेंट कुठे आहे, हरवलं असेल तर पोलिसात तक्रार केली का. सोसायटीची थकबाकी, चालू असलेली वेगळी वर्गणी, लिफ्टसाठी, रंगासाठी. सोसायटीशी किंवा शेजाऱ्याशी काही पत्रव्यवहार. बाल्कनी बंदिस्त केली असेल तर महापालिकेची परवानगी. रिडेव्हलपमेंटची चर्चा, कोणाला संमतीपत्र दिलंय का. भाडेकरू कधी गेला, त्याचं डिपॉझिट परत दिलं का. आधी कोणाशी साठेखत किंवा टोकन झालंय का. कोर्टात काही दावा. आणि ११ वा प्रश्न, गळती: वरून, बाजूने, आणि "आपल्या घरातून खाली".

११ व्या प्रश्नाला मालक थांबला. म्हणाला, "हो, आहे. मोठ्या बाथरूममधून खालच्यांच्या बेडरूमला येतं, २०२२ पासून. सोसायटीने मला दोनदा मेल केलाय." मेल त्याला येत होते, चुलतभावाला नाही, त्यामुळे चुलतभावाला खरंच माहीत नव्हतं, तो काही खोटारडा नव्हता. कुठून येतं ते पण मालकाने सांगितलं, कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपपाशी, कमोडच्या मागे नाही, कारण एकदा भाडेकरूने प्लंबर आणून भलतीकडेच फोडलं होतं. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे (नियमांप्रमाणे) आपल्या बाथरूमची आतली गळती काढायचा खर्च त्या सभासदाचाच, म्हणजे खरेदीखत झाल्यावर तो माझ्या डोक्यावर आला असता. पार्किंग पण कव्हर्ड नाही, ओपन, आणि सोसायटी दरवर्षी चिठ्ठ्या टाकून देते. रिडेव्हलपमेंटची एक सभा झालेली, संमती कोणाला दिलेली नाही.

ही सगळी उत्तरं मॅडमच्या ज्युनियरने तिथेच टाइप केली, मालकाला मेल केली, त्याने प्रत्येक पानावर सही करून पाठवली, ताईंनीही केली, आणि ती चार पानं साठेखताला परिशिष्ट म्हणून जोडली. भाव ९४ लाखांवर अडला होता तो ९२ ला झाला, दोन लाख बाथरूमसाठी. भांडण नाही, तंटा नाही. मालक स्वतःच म्हणाला, एवढं वजा करणं बरोबर आहे.

पॉवरचं पुढचं काम वेळेत झालं. मसुदा मॅडमनीच केला, त्यात विंग, मजला, चटई क्षेत्र, सोसायटीचं नाव सगळं, आणि अधिकार अगदी मोजके: या एकाच फ्लॅटसाठी साठेखत आणि खरेदीखतावर सही, नोंदणीला कबुली, ताबा देणे. पैसे स्वीकारायचा अधिकार मुद्दाम घातला नाही, भावाचे पैसे थेट भावाच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं) जातील असं खरेदीखतात खातं नंबरसकट लिहिलं. भावाने तिकडे नोटरीसमोर सही केली, त्यावर तिकडच्या राज्य सरकारचं अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून सरकारी दाखला) घेतलं, कुरिअर केलं. अमेरिका आणि भारत दोघंही हेग अपोस्टिल करारात आहेत म्हणून हे चालतं, दुबईवाल्यांनी मात्र मॅडमना विचारून घ्या, तिकडून भारतीय वकिलातीत साक्षांकन करून आणावं लागतं. पुण्यात पाकीट उघडलं त्याच आठवड्यात ५०० रुपये भरून स्टॅम्प करून घेतला. जाहीर नोटीस पण दिली पेपरात, कोणाची हरकत आली नाही. चुलतभावाने ५१ हजार ताईंच्या खात्यावर वळते केले आणि ते किमतीत धरले.

टीडीएसबद्दल, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून घेणाऱ्याने कापून सरकारला भरायच्या कराबद्दल, ब्रोकर म्हणत होता "एक टक्का कापा, झालं". हे फार महागात पडलं असतं. ताई भारतात राहतात, त्यांच्या ४६ लाखांवर १ टक्का, ४६ हजार. हिस्सा ५० लाखांच्या खाली असला तरी कापायचा, कारण १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या विकणाऱ्यांची रक्कम एकत्र धरतात. पण भाऊ अनिवासी, त्याला तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम १९५ लागलं. २३ जुलै २०२४ नंतरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याचा साडेबारा टक्के दर, वर सेस, म्हणजे १३ टक्के, आणि कमी कपातीचं सर्टिफिकेट आणलं नसेल तर मॅडमच्या ओळखीच्या सीएच्या सल्ल्याने पूर्ण रकमेवर. ४६ लाखांवर ५ लाख ९८ हजार. त्यासाठी मला टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागला आणि २७क्यू हा कपातीचा फॉर्म भरावा लागला. भाऊ म्हणाला सर्टिफिकेटसाठी थांबत नाही, रिटर्न भरून परत घेईन. हे मी १ टक्क्यावर सोडलं असतं तर उरलेली रक्कम खात्याने माझ्याकडून वसूल केली असती, व्याजासकट.

एप्रिलमध्ये रजिस्ट्रेशन. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला त्यामुळे ७ च्या जागी ६ टक्के स्टॅम्प ड्युटी, ५ लाख ५२ हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. आदल्या संध्याकाळी साडेसातला मॅडमनी परत व्हिडिओ कॉल लावला, भावाला फक्त दोन गोष्टी विचारल्या, तुम्ही बरे आहात ना आणि पॉवर रद्द केलेली नाही ना. पॉवर देणारा माणूस गेला की पॉवरही त्याच्याबरोबर संपते, करार कायद्याचं कलम २०१, म्हणून त्या हे प्रत्येक वेळी करतात, कितीही ओळखीचं कुटुंब असलं तरी.

दुसऱ्या दिवशी हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन, फोटो, अंगठा सगळं शांतपणे झालं. मुखत्याराला तिथे एक घोषणापत्र द्यावं लागतं. ताई चष्मा लावून ते पूर्ण वाचत होत्या, शिक्षिकाच त्या, वाचल्याशिवाय सही करणार नाहीत. कुलमुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, लिहून देणारी व्यक्ती मयत झालेली नाही, कथन चुकीचं निघालं तर नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ८२ प्रमाणे शिक्षेस पात्र राहीन. "मयत" शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मग मॅडमकडे बघून म्हणाल्या, "काल बोललोय ना त्याच्याशी, बरा आहे तो," आणि सही केली. एकदा स्वतःची, एकदा भावाची.

फी सगळी मिळून ३५ हजार घेतली, पावतीसकट. पेपरातल्या नोटिशीचे पैसे वेगळे. आधी वाटलं जास्त आहे, ओळखीतला एक जण आठ हजारात सर्च रिपोर्ट देत होता, पण त्या आठ हजारात नाशिकच्या ताई सापडल्या असत्या का, मला नाही वाटत.

अर्धा स्टार का कापला ते पण लिहिते. व्हॉट्सअॅपवर उत्तर यायला कधी कधी दोन दोन दिवस लागतात, कोर्ट असतं मान्य आहे, पण ज्युनियरने तरी "बघतो" एवढं लिहावं. पहिला मसुदा पूर्ण इंग्रजीत होता, माझ्या सासऱ्यांना वाचायचा होता म्हणून मराठीत मागितला, दिला, पण आठवडा गेला. आणि ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर आधी फोन करा, त्या खाली चहाच्या टपरीशेजारच्या नोटरीच्या खोलीत येऊन भेटतात, आम्हाला हे उशिरा कळलं.

मे महिन्यात बाथरूम उघडलं. मिस्त्रीने कमोडच्या मागून सुरुवात करतो म्हटलं, मी प्रश्नावलीचं तिसरं पान काढून दाखवलं आणि कोपऱ्यातून उघडायला लावलं. चार टाइल्स निघाल्या, खाली नहाणी ट्रॅपला बोटभर चीर. जुलैच्या मोठ्या पावसानंतर खालच्या काकूंकडे जाऊन बेडरूमचं छत हाताने चाचपून आले, कोरडं ठणठणीत होतं.